गळ्यापाशी थांबलेलं गाणं

एकदा काय झालं, एका गावात एक तळं होतं. अगदी काठोकाठ भरलेलं. त्याच्या काठी पोरी भोंडला खेळायच्या. मधे पाटावर हत्ती मांडायचा, हातात हात घालून फेर धरायचा, आणि शेवटी सगळ्यांचं लाडकं गाणं:

‘सून गेली तळ्याला, पाणी आलं पायाला,
पाणी आलं कमरेला, पाणी आलं गळ्याला!’

गळ्याला म्हटलं की टाळ्या! मग पोरी धावायच्या झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायला. पुढचं म्हणतंय कोण? सगळ्यांचा जीव त्या डब्यात.

त्यात एक होती सगुणी. नऊ वर्षांची, पण हट्टी म्हणजे हट्टी, बरं का. एक दिवस तिचे पाय फेरातच थांबले. "अगं, पाणी गळ्याला आलंय आणि आपण टाळ्या काय वाजवतोय? पुढं सुनेचं काय झालं?"

पोरी हसल्या. मग ती गेली म्हाताऱ्या पाटलीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, "तळ्याला पाणी लागेना, म्हणून माझी थोरली सून तळ्याला दिली, बाई. तू आपलं गाणं म्हण. नसत्या चौकशा कशाला?"

त्या दिवशी सगुणीनं खिरापत तोंडात घातली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच तळ्यावर गेली. वाकून म्हणाली, "वहिनी, आहेस का गं?"

तर पाण्यातून आवाज आला, "आहे. गळाभर पाण्यात उभी आहे. दरवर्षी तुम्ही मला इथवर आणता आणि खिरापतीकडे पळता. पाणी उतरवायला कुणी थांबतच नाही."

मग आला तिसरा दिवस. गाणं झालं, टाळ्या झाल्या, पोरी पळाल्या. सगुणी मात्र हत्तीपाशी पाय रोवून उभी. एकटीच म्हणाली, ‘पाणी उतरलं कमरेला!’

पाटलीणबाई ओरडल्या, "गप गं कार्टे! सून वर आली की तळं आटेल. गाव काय पिणार?"

भीती सगुणीलाही वाटली, नाही कशाला म्हणू? पण ती म्हणाली, "आटलं तर नदीवरून हंडे आणीन. बुडत्या बाईवर टाळ्या नाही वाजवणार!"

घसा बसला तरी ती म्हणतच राहिली. मग एक पोर परत आली, तिनं सगुणीचा हात धरला. मग दुसरी आली. मग सगळ्याच आल्या. पाणी उतरलं गुडघ्याला, पाणी उतरलं पायाला!

आणि सून आली की बाहेर! लुगडं निथळतंय, हातात हिरव्या बांगड्या. तळं बघावं तर होतं तसं काठोकाठ.

सून म्हणाली, "पाणी पावसाचं होतं, सासूबाई. माझं नव्हतं."

पाटलीणबाई पदरात तोंड लपवून ढसाढसा रडल्या. मग सून पोरींकडे वळली. "आता मी ओळखू खिरापत? इतकी वर्षं नुसता वास घेतेय. करंज्या ना?"

करंज्याच होत्या! पहिली तिला मिळाली. मग ती सुखानं राहिली, गावही सुखानं राहिलं.

चला, डोळे मिटा आता. आणि उद्या भोंडल्यात गाणं म्हणाल ना, तर शेवटपर्यंत म्हणा. खिरापत कुठं पळून जात नाही.