हेकटगडचा रुसलेला मॉनिटर

दोष काकासाहेबांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण हेकटगडच्या दरबारात तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. काकासाहेब म्हणजे महाराजांचे सख्खे चुलते आणि राज्याचे यंत्रमंत्री. वय सत्तर, यंत्रांची माहिती शून्य. पण मिशा पांढऱ्या झाल्या की माणसाला सगळं कळतं असं लोक धरून चालतात, तसं तिथेही चाललं होतं.

त्या सकाळी महाराज दुर्जयराजे कॉम्प्युटरसमोर बसले. बटण दाबलं. खोकं घरघरलं. मॉनिटर मात्र काळा ठिक्कर!

महाराजांचा नेम असा, की कॉम्प्युटरवर पत्त्यांचा एक डाव जिंकल्याशिवाय न्याहारी करायची नाही. आणि महाराजांनी घास घेतल्याशिवाय गडावर कुणी खायचं नाही, हा कायदा. मुदपाकखान्यात पोहे तयार होते आणि अख्खा दरबार नुसता वास घेत उभा होता.

राजज्योतिषी म्हणाले, "शनी वक्री आहे."

राजवैद्यांनी मॉनिटरमध्ये डोकावून पाहिलं. "मोतीबिंदू!"

"कुणी केलं हे?" महाराज गरजले.

काकासाहेबांनी ताबडतोब भिवाकडे बोट दाखवलं. भिवा रोज कॉम्प्युटर पुसायचा. त्याचा गुन्हा तेवढाच.

"याचं डोकं भादरा आणि गाढवावर उलटं बसवून गडाखाली हाकला!" महाराजांनी फर्मावलं.

"थांबा महाराज!" दारातून आवाज आला. "मॉनिटर का बंद पडला ते तरी बघा! नाहीतर रोज नवा माणूस लागेल आणि रोज नवं गाढव!"

ती मथी. भिवाची धाकटी बहीण, गडावरच्या शिंप्याची मुलगी. शिवलेले कपडे पोचवायला आली होती आणि भावाच्या डोक्यावर वस्तरा बघून तिथेच थबकली होती.

"तू चालू करून दाखवशील?" महाराजांनी विचारलं.

"दाखवीन की!"

काकासाहेब लगबगीने पुढे आले. "महाराज, हा बिघाड नव्हे. यंत्र रुसलंय! हात लावाल तर कोपेल. आणि त्याच्या मागच्या बाजूला तर कुणी फिरकूच नका!"

अशक्य अट दिसली की महाराजांना फार आनंद व्हायचा. "ठरलं! पोरी, यंत्राला बोटही न लावता चित्र आणायचं. नाही आलं तर दोघंही गाढवावर!"

"एकाच गाढवावर?"

"दोन मागवा रे!"

मथीने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "दादा, मॉनिटरचा दिवा लागतोय का?"

"लागतोय. पिवळा. नुसता मिचमिच करतोय."

"आणि खोक्यातला पंखा?"

"फिरतोय की."

"मग दोघांनाही वीज मिळतेय. दोघंही जिवंत आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्या आईबाबांचं असं झालं की मधे निरोप द्यायला मी असते. यांच्या मधे कोण असतं?"

"वायर! चित्र तिच्यातूनच मॉनिटरकडे जातं. काळी, जाड. दोन्ही टोकांना निळी बोंडं आणि बोंडाला दोन-दोन स्क्रू."

मथीने मागे जाऊन वाकून पाहिलं. वायर गायब! ती पुन्हा पुढे आली आणि एकेकाच्या कमरेकडे बघू लागली. शिंप्याच्या घरात माणूस तिथूनच ओळखतात.

"काकासाहेब, यंत्राला साष्टांग नमस्कार घाला. घरातल्या थोरांनी घातला की रुसवा जातो."

"मी? छे छे! माझी कंबर धरलीये!"

"कंबर धरली नाही, काकासाहेब. कंबरेनं धरलंय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंगरख्याखालून एक निळं बोंड लोंबत होतं. दोन्ही स्क्रूंसकट!

"हा... हा गोंडा आहे," काकासाहेब म्हणाले. "नवी फॅशन."

"तुमचा लेंगा आमच्या बाबांनी शिवलाय. नाडा पांढरा होता, सुती होता, आणि त्याला स्क्रू नव्हते!"

"कारटे! मोठ्यांच्या नाड्याकडे बघतेस?"

"मोठ्यांनी वायरीकडे बघितलं नसतं तर मीही नसतं बघितलं!"

महाराजांनी भुवया चढवल्या. काकासाहेबांचा आवाज बारीक झाला. "काल संध्याकाळी इथे जरा पत्ते खेळत होतो. उठताना नाडा तुटला. समोर ही दिसली..."

"सोडा ती वायर!"

"महाराज! भर दरबारात सोडली तर राजघराण्याची अब्रू जाईल!"

आता महाराज अडले. चित्र हवं, अब्रूही हवी. राग मात्र निघाला मथीवर. "आणि पोरी, यंत्राला हात न लावता तू ती वायर जोडणार कशी?"

"अट मला होती, महाराज. काकासाहेबांना कुठे होती? ज्यांनी काढली तेच लावतील!"

"पण अब्रूचं काय?"

"लाज दोघांची आणि वायर एकच! आता मॉनिटरची राखायची की काकासाहेबांची, तेवढं महाराजांनीच सांगावं!"

तेवढ्यात महाराजांचं पोट भुकेनं गुरगुरलं. ते काकासाहेबांच्या कमरेकडे बघत राहिले, मग काळ्या मॉनिटरकडे, आणि एकदम असे हसत सुटले की मुकुट घरंगळून मांडीवर आला. "मॉनिटरची! मॉनिटरची राखा!"

काकासाहेब कॉम्प्युटरमागे गेले. एका हाताने वायरीची दोन्ही टोकं खुपसली, दुसऱ्याने लेंगा धरला. पण स्क्रू पिळायला दोन्ही हात लागतात. पहिला स्क्रू बसला तेव्हा राणीसाहेबांनी डोळे मिटले. शेवटचा बसला तेव्हा मॉनिटरवर लखलखीत पत्ते उमटले आणि काकासाहेबांकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. त्यांच्या आयुष्यातली तेवढीच नशिबाची गोष्ट.

महाराजांनी डाव जिंकला. दरबार पोह्यांवर तुटून पडला. भिवाचे केस वाचले, दोन्ही गाढवं त्याला बक्षीस मिळाली. मथी राज्याची नवी यंत्रमंत्री झाली.

तो एक नाडा काकासाहेबांना अख्ख्या मंत्रिपदाला पडला.