पंप आणि काळा फिल्टर

ट्रकांना लांब नाक असायचे तेव्हाची गोष्ट. एका ट्रकच्या डिझेल पंपाला आपल्या जोराचा मोठा ताठा होता. त्याला डिझेल गाळून देणारा फिल्टर काळा पडला होता, म्हणून घाट चढताना डिझेल अपुरे पडू लागले.

"ए चिकट्या, हात कशाला आखडतोस?" पंप ओरडला.

"दादा, मी डिझेल नाही, वाळू अडवतो. आता भरलोय, मला बदलायला हवं."

पंपाला ते रडगाणे वाटले. तो मुद्दाम धापा टाकू लागला, गाडी आचके देऊ लागली. वैतागून ड्रायव्हर दौलतमामाने फिल्टरला आरपार भोक पाडले. "घे, आता पी पोटभर!"

पंप पोटभर प्याला. गाडी सुसाट निघाली. "पाहिलंस?" तो खिदळला.

तिसऱ्या घाटात त्याच्या पोटात खरखर सुरू झाली. जिथे केसालाही वाट नव्हती, तिथे डिझेल पुढे ढकलणाऱ्या दट्ट्यांभोवती वाळू शिरली होती.

"फिल्टर, अडव रे तिला!"

"कशाने अडवू, दादा?"

ऐन चढावर दट्टे अडकले ते कायमचे.

मिस्त्रीने पंप उघडून पाहिला आणि भंगारात टाकला. शेजारीच फिल्टर पडला होता. त्याच्या फाटक्या घड्यांनी जुनी वाळू अजून घट्ट धरून ठेवली होती.