करवंदीचा आडोसा

नदीकाठच्या एका गावाला एक कारभारी होता. मिशा मोठ्या, पागोटं त्याहून मोठं आणि अक्कल... जाऊ दे, ती पुढे दिसेलच.

त्याच्या बायकोचं नाव सगुणा. तिच्यासकट गावातल्या साऱ्या बायका रोज नदीवर जायच्या. नदी आणि रस्ता यांच्यामध्ये करवंदीची दाट जाळी होती. गावात नवी सून आली, की पहिल्या आषाढात सासू तिच्या हातून तिथे करवंदीचं एक रोप लावून घ्यायची. "हा तुझा आडोसा, आणि तुझ्यामागून येणारीचाही," असं म्हणायची. कितीतरी सुनांच्या हातांनी ती जाळी उभी राहिली होती. उन्हाळ्यात सगळं रान उघडंबोडकं व्हायचं, पण करवंदी बारा महिने हिरवीगार. आत बुलबुलांची घरटी, बुंध्याशी मुंगसाचं बीळ. जाळीपलीकडे बाया बिनघोर न्हायच्या, धुणी धुवायच्या, सासवांची यथेच्छ उणीदुणी काढायच्या. रस्त्यावरच्या माणसाला नुसतं हसणं ऐकू यायचं.

एकदा ऐन चैत्रात सांगावा आला, की दिवाणसाहेब गाव बघायला येणार. झालं! कारभाऱ्याच्या अंगात वारं शिरलं. रस्त्यावर उभा राहून तो ओरडला, "हे काय काटेरी जंगल माजवलंय? दिवाणसाहेबांना नदी दिसायला नको? गाव कसं स्वच्छ, मोकळं दिसलं पाहिजे. उपटा सगळं मुळासकट!"

एक गडी चाचरत म्हणाला, "मालक, पण बायकांचं..."

"बायकांना काय होतंय? उपटा!"

दिवसभर कुदळी आणि कोयते चालले. संध्याकाळी सगुणा धावत तिथे पोचली, तेव्हा सगळं संपलं होतं. फांद्यांच्या ढिगात घरटी उलटीपालटी पडली होती. एका घरट्यातली पिल्लं चोची वासून ओरडत होती आणि बुलबुलाची जोडी वेड्यासारखी वर घिरट्या घालत होती. सगुणाने लावलेली करवंदीही त्या ढिगात होती. तिच्या मोडक्या फांदीतून पांढरा चीक गळत होता. सगुणाला रडू फुटलं, आणि रडूपेक्षा जास्त संताप आला. मेल्यांनो, पिल्लं उडेपर्यंत तरी थांबायचं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराची नवी सून कपड्यांचं गाठोडं घेऊन तिच्या दारात आली. पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"काकी, मी नदीत उतरले तर रस्त्यावर गाडीवाले थांबले. उभे राहून बघायला लागले हो! तशीच परत आले. आता मी न्हायचं कुठे?"

सगुणा तशीच आत गेली. कारभारी पानाला चुना लावत बसला होता.

"अहो, त्या पोरीने न्हायचं कुठे?"

"तू कशाला डोकं पिकवतेस?" कारभारी म्हणाला. "आपल्या घरात न्हाणी आहे. चार भिंती आहेत, वर छप्पर आहे. तुझं काही अडलंय का?"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं होतं, तिचं काही अडलं नव्हतं. गप्प बसली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. कारभारीण म्हणून ती घरात आरामात न्हाली असती आणि गावातल्या बाकीच्या बायकांचा खुशाल तमाशा व्हावा. हे ऐकून घ्यायचं? छे!

त्याच संध्याकाळी तिने घरोघरी निरोप धाडला.

दिवाणसाहेब येण्याच्या दिवशी सकाळी कारभारी अंगाला तेल चोपडून न्हाणीकडे निघाला आणि जागीच थबकला. अंगणात, ओसरीवर, परसात सगळीकडे बायका. कोणी न्हायला खोळंबलेली, कोणी धुणं आपटत बसलेली.

"हा काय बाजार मांडलाय?"

"बाजार नाही, पाणवठा आहे," सगुणा म्हणाली. "तुम्ही त्यांचा मोडलात, म्हणून मी आपला दिला."

"अगं, दिवाणसाहेब येतायत! मला आंघोळ करायचीय!"

सगुणाने त्याच्या हातात पंचा ठेवला. "नदीवर जा की. स्वच्छ आहे, मोकळी आहे. लाजायचं काय त्यात?"

एवढ्या बायकांना हाकलायला वेळ कुठला? पाय आपटत गेला. लंगोटी लावून नदीत उतरला आणि डोक्यावर पाणी घेतो न घेतो तोच घोड्यांच्या टापा वाजल्या. दिवाणसाहेब वेळेआधीच आले होते! कारभारी उजवीकडे धावला, डावीकडे धावला. आड व्हायला एक झुडूप नाही, एक पान नाही. शेवटी पाण्यात बसला, तर चैत्रातलं पाणी कसंबसं पोटापर्यंत आलं.

"तो कोण?" दिवाणांनी विचारलं.

टापा ऐकून स्वागताला धावत आलेले गावकरी खाली बघू लागले. त्यांच्यातून सगुणा पुढे झाली.

"आमचे कारभारी, साहेब. इथे करवंदीची जाळी होती. परवाच त्यांनी उपटून टाकली, तुम्हाला नदी दिसावी म्हणून."

दिवाणांनी घोड्याची मान वळवली आणि पाठ फिरवून उभे राहिले. लोहाराच्या सुनेला मात्र एवढी माणुसकी कोणी दाखवली नव्हती.

कारभारी घरी आला तो मान खाली घालून. "सगुणे, मेल्याहून मेल्यासारखं झालं गं."

"तुमच्याकडे एक माणूस बघत होता, आणि तोही पाठमोरा झाला."

"आषाढ लागला की मी स्वतः रोपं लावतो."

"लावा. पण करवंदी तुमच्या हुकमाने वाढायची नाही."

त्याने रोपं लावली, हात रक्ताळेपर्यंत लावली. पण जाळी बाईच्या डोक्यावर जायला कैक पावसाळे जावे लागले. तोवर कारभाऱ्याच्या न्हाणीत गावातल्या बायका न्हायच्या आणि कारभारी रोज सकाळी भर रस्त्यासमोर, नदीत.

सांगायचं ते एवढंच: आपल्या घराला भिंती आहेत म्हणून दुसऱ्याचा आडोसा फालतू समजू नये. तो मोडायला एक दिवस पुरतो, पण पुन्हा वाढेपर्यंत कोणीतरी उघड्यावर असतं.