सुतारपक्ष्याच्या ढोल्या

फार जुनी गोष्ट. माळावरच्या सावरीच्या झाडात एका सुतारपक्ष्याने बऱ्याच ढोल्या कोरल्या होत्या. एकीत तो स्वतः राही, बाकीच्या भाड्याने देई. भाडं रोज चोचभर किडे.

एका साली पावसाने दडी मारली. किडे दिसेनासे झाले. एका ढोलीत राहणारी साळुंकी म्हणाली, "दादा, दिवस फिरलेत. चार सरी पडेपर्यंत सांभाळून घ्या."

"भाडं नाही, तर ढोली नाही!" म्हणत त्याने सगळ्यांना बाहेर काढलं.

नवं कुणी फिरकलंच नाही. एका दुपारी धामण झाडावर चढली. ओरडून सावध करायला शेजारी उरलाच नव्हता. सुतारपक्षी कसाबसा निसटला आणि बाभळीवर साळुंकीच्या घरट्यापाशी धापा टाकत बसला.

साळुंकीने अंग चोरून जागा केली. "टेका इथेच, दादा," ती म्हणाली. "भाड्याचं पाऊस पडल्यावर बघू."