चौदाव्या ओळीची तक्रार

“पण सर, चौदाव्या ओळीत चूक आहेच कुठे?”

केतकी लठ्ठेने की-बोर्ड पुढे ढकलला. सकाळपासून ती हेच विचारत होती. आधी स्वतःला, मग पडद्याला, आता शिकलगार सरांना.

कुपवाडच्या त्या लहानशा कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनत. एक यंत्र परत आलं होतं. बाळाच्या अंगावरचा सेन्सर निसटला तरी त्याचा हीटर तापतच राही. नशीब, नर्सचं वेळेत लक्ष गेलं.

दवाखान्याची गाडी आता दारात उभी होती. सेन्सर निसटताच हीटर बंद करणारा नवा प्रोग्रॅम केतकीने लिहिला होता. पण तो चिपमध्ये भरण्याजोगा करून देणारा कम्पायलर अडून बसला होता. त्याचं एकच म्हणणं : चौदाव्या ओळीत सेमीकोलन, म्हणजे सूचना संपल्याची खूण, हवा.

“आहे ना सेमीकोलन! चारदा पुसला, चारदा लिहिला. बिनडोक आहे हा कम्पायलर.”

शिकलगार सर पलीकडे एका सर्किट बोर्डाला सोल्डरचे डाग देत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ती ओळच काढून टाक.”

“काढली.”

“मग?”

“मग काय! आता म्हणतो, पुढच्या ओळीत.”

“तीही काढ.”

“काढली... आता त्याच्या पुढच्या! सर, हा माझी चेष्टा करतोय.”



केतकीचं डोकं फिरलं. तिने अख्खी फाइल पुसून टाकली. वरची एक ओळ तेवढी राहिली, दुसरी एक फाइल आत ओढून घेणारी. तिने कम्पायलर पुन्हा चालवला.

तीच तक्रार.

“रिकाम्या फाइलीत चूक! बघा तुम्हीच!”

सर उठून आले. पडद्याकडे बघत उभे राहिले.

“वरून कोणती फाइल येते?”

“ती सोडा. ती तपासलेली आहे.”

“कोणी तपासली?”

“मीच...”

केतकीने ती फाइल उघडली. अगदी शेवटची ओळ तिने सकाळीच घाईघाईत वाढवली होती. ओळीच्या टोकाला काहीच नव्हतं.

तिने सेमीकोलन टाकला. पुसलेलं सगळं परत आणलं. या वेळी कम्पायलर चकार शब्द बोलला नाही.

“चार तास! एवढ्याशा टिंबासाठी चार तास! अन् हा मेला दुसऱ्याच फाइलीकडे बोट दाखवतोय!”

प्रोग्रॅम चिपमध्ये भरला. “झालं हो काका, पाचच मिनिटं,” तिने ड्रायव्हरला हाक दिली आणि यंत्राचं खोकं ओढलं.

शिकलगार सरांनी यंत्र चालू केलं. हीटर लाल झाला. मग त्यांनी सेन्सरची वायर धरली आणि ओढून काढली.

हीटर लालच राहिला.

केतकी बघत राहिली. अर्धं मिनिट गेलं... एक मिनिट गेलं...

“असं कसं?” तिचा आवाज उतरला. “एकही चूक दाखवत नाहीये, सर. एकही नाही.”

सरांनी बटण बंद केलं. लाली हळूहळू विझली.

केतकीने खोकं बाजूला सारलं. दाराशी जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, “काका, आज यंत्र मिळणार नाही. डॉक्टरांशी मी बोलते.”

परत येऊन ती पडद्यासमोर बसली. पडदा स्वच्छ होता. कुठल्याही ओळीकडे बोट नव्हतं.

“आता बघू तरी कुठे?”

शिकलगार सरांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले.

“कम्पायलर बोलत होता, तेव्हा तुला राग येत होता...”