कवठरानातला सभात्याग

कवठाची झाडं फार, म्हणून त्या रानाचं नाव कवठरान. वरती वानरं राहायची, खाली हरणं राहायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं. वानरांच्या जेवणाची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे, अर्धं पोटात आणि अर्धं खाली. ते खाली पडलेलं हरणं खायची. राखण दोघं मिळून करायची. हरणाला बिबट्याचा सुगावा लागला की ते खूर आपटायचं, आणि खूर ऐकला की वानर पुढचामागचा विचार न करता 'खॉक खॉक' ओरडायचं. मग ज्याने त्याने वाट फुटेल तिकडे पळायचं. याचा कुठे कायदा नव्हता, त्यामुळे कधी अडचण आली नव्हती.

पुढे एका उन्हाळ्यात विद्वानांना फुरसत मिळाली. वरचा विद्वान म्हणाला, आम्ही खाली टाकतो ते दान. खालचा म्हणाला, दान कसलं डोंबलाचं, उष्टं आहे ते. झालं! तीन वर्षं युद्ध चाललं. वानरांनी वरून कच्च्या कवठांचा मारा केला, आणि कच्चं कवठ टाळक्यात बसणं म्हणजे काय ते ज्याच्या बसलं त्यालाच विचारा. हरणांनी झाडांच्या साली सोलल्या, झाडं वाळली, वानरं उपाशी मरू लागली. शेवटी कवठंही संपली आणि सालीही संपल्या. तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच दिवशी शांततेचं महत्त्व पटलं.

आता रान पुन्हा एक करायचं होतं. यावर दुमत नव्हतं, हीच खरी पंचाईत. वरच्यांनी 'अखंड रान पक्ष' काढला, खालच्यांनी 'एकसंध रान पक्ष'. अखंडवाले म्हणत, एक व्हायचं तर हरणांनी झाडावर यावं. एकसंधवाले म्हणत, वानरांनी जन्मभर खाली चरावं. मग एकीकरण परिषद नेमली, आणि तिला निःपक्षपाती अध्यक्ष शोधायला निघाले.

सापडले नानासाहेब बिबटे. ते झाडावरही राहत आणि जमिनीवरही. युद्धात त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती, दोन्हीकडचे सारखेच खाल्ले होते. हरणं म्हणाली, अंगावर ठिपके आहेत, म्हणजे आपल्यातलेच. वानरं म्हणाली, शेपूट बघा केवढी लांब, आपल्यातलेच. नानासाहेब बिनविरोध निवडून आले.

पहिल्याच बैठकीत त्यांनी हात जोडून सांगितलं, "राखणीत खूर आधी की हाक आधी, हा नाजूक प्रश्न आहे. कुणाच्याही भावना दुखावता कामा नयेत. उपसमितीचा अहवाल येईपर्यंत दोन्ही बंद ठेवू." दोन्ही पक्षांनी याचं स्वागत केलं, कारण समोरच्याचंही बंद झालं होतं.

दुसरा पायंडा त्यांनी पाडला तो मौनाचा. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला युद्धातल्या हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं. डोळे उघडे ठेवणारा हुतात्म्यांचा अपमान करतो, असा ठराव झाला. दोन मिनिटांनी डोळे उघडले की एखादा सदस्य कमी भरायचा. कधी हरीण, कधी वानर. नानासाहेब तोंड पुसून इतिवृत्तात लिहायला सांगत, 'एका सन्माननीय सदस्यांनी सभात्याग केला.' मग पुढची सगळी बैठक, आधी तुम्ही सभात्याग केलात की आम्ही, यावर जायची.

केवडा नावाच्या हरिणीने असाच सभात्याग केला. तिची धाकटी बहीण बकुळा. ती नुकतीच व्यायली होती, पंधरा दिवसांचं पाडस सारखं पायात घोटाळत होतं. त्याला घेऊनच ती परिषद भरायची त्या वारुळापाशी गेली.

"नानासाहेब, माझी बहीण कुठंय?"

"ताई, त्यांनी सभात्याग केलाय. नोंद आहे."

"मग घरी का नाही आली?"

"हा त्यांच्या पक्षाचा अंतर्गत प्रश्न आहे. मी अध्यक्ष, मी त्यात तोंड घालणं बरं दिसत नाही." नानासाहेबांनी पाडसाकडे बघितलं. चांगलं दोन-तीनदा बघितलं. "बाळ गुटगुटीत आहे हो. एकीकरण दिनाला जरूर आणा. माता आणि बालकं पहिल्या रांगेत बसवणार आहोत."

बकुळाने पाडसाला पोटाशी ओढलं. ती तडक उंबराखाली गेली. तिथे झिपरू नावाचा म्हातारा वानर राहायचा. आयुष्यभर त्याने राखणीचंच काम केलं होतं आणि आता तो नुसता बसून असायचा.

"झिपरूकाका, तुम्ही वरून सगळं बघता. खरं सांगा, केवडाताई कुठे गेली?"

झिपरूने बराच वेळ पाठ खाजवली. "पोरी, बघायला बंदी नाही गं. ओरडायला आहे."

"म्हणजे तुम्ही बघितलंत."

"बघितलं. पक्षाला सांगितलंही. पक्ष म्हणाला, गेली ती खालची होती ना, मग तू कशाला गळा काढतोस? आणि आपला सदू गेला तेव्हा म्हणाले, आत्ता बोललास तर एकीकरण फिसकटेल." एवढं बोलून म्हाताऱ्याला भडभडून आलं. सदू त्याचा पुतण्या होता. बकुळाही रडली. पाडस मात्र उंबरं खात होतं.

बकुळाला जायचं नव्हतं. पण एकसंध पक्षाचं फर्मान आलं, की जी माता येणार नाही ती फुटीर समजली जाईल आणि तिच्या पाडसाला कुरणात पाय ठेवू देणार नाहीत. कुरणाशिवाय पाडस जगणार कसं? गेली बिचारी.

एकीकरण दिन भर दुपारी साजरा झाला. वारुळाभोवती सगळं रान लोटलं होतं. बंधुभाव म्हणून वानरांना झाडावरून खाली उतरवलं होतं आणि एक हरीण, एक वानर असं बसवलं होतं. बकुळाच्या शेजारी झिपरू आला. नानासाहेब वारुळावर चढले.

"माझ्या वरच्या आणि खालच्या बंधुभगिनींनो! काही लोक विचारतात, नानासाहेब, तुम्हाला वानरं जास्त आवडतात की हरणं? मी छातीवर हात ठेवून सांगतो, मी कधीच भेदभाव केला नाही. तुम्ही एकत्र याल त्या दिवशी माझ्याइतका तृप्त प्राणी या रानात नसेल. एक रान!"

"एक कळप!" सगळे ओरडले.

"आता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन. बालकांनीही डोळे मिटावेत."

सगळ्यांनी डोळे मिटले. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी तर घट्ट मिटले. बकुळाने मिटले नाहीत. ओली बाळंतीण डोळे मिटत नसते, मग ठराव कुणाचाही असो. तिने बघितलं, नानासाहेब वारुळावरून उतरले आणि पोट जमिनीला लावून पहिल्या रांगेकडे सरकू लागले.

तिने खूर आपटला.

झिपरूचे डोळे मिटलेलेच होते. बंदी, पक्ष, उपसमिती सगळं त्याला पाठ होतं. पण खूर कानावर पडला आणि घशाने त्याला विचारलंच नाही. "खॉक! खॉक! खॉक!"

अहो, काय पळापळ झाली म्हणता! अखंडवाले आणि एकसंधवाले एकमेकांच्या अंगावरून गेले, वानरं दिसेल त्या झाडावर चढली, हरणं झुडपांत घुसली. बकुळाने पाडसाला डोक्याने ढकलत ढकलत ओढ्यापार नेलं, तेव्हाच मागे बघितलं. मोकळ्या मैदानात नानासाहेब एकटेच, एक पंजा वर धरून उभे होते.

"मी बाळाला आशीर्वाद द्यायला निघालो होतो," ते म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं, तरी इतिवृत्तात ते आलं.

लगेच चौकशी बसली. अखंडवाल्यांचा आक्षेप, खूर आधी वाजला, हा वरच्यांचा अपमान. एकसंधवाल्यांचा आक्षेप, हाक मोठी होती, हा खालच्यांवर अन्याय. त्या दिवशी जीव कुणाचे वाचले हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. रानाची एकी भर समारंभात मोडल्याबद्दल बकुळा, तिचं पाडस आणि झिपरू या तिघांना कायमचं हद्दपार करण्यात आलं. दोन्ही पक्षांचं एकमत झालेला परिषदेचा हा पहिला ठराव.

ओढ्यापार एक जुनं जांभळाचं झाड आहे. झिपरू वर बसून खातो आणि अर्धं खाली टाकतो. ते दान की उष्टं हे बकुळाने अजून विचारलेलं नाही. पाडसाला आता इवली शिंगं फुटू लागली आहेत. हल्ली दुपारच्या वेळी कवठरानातली हरणं आणि वानरं, पक्षाला पत्ता लागू न देता, एकेक करून त्या झाडाकडे जायला लागली आहेत, आणि गेलेली तिथेच राहतात, परत येत नाहीत.

नानासाहेबांना याची फार काळजी लागली आहे. येती निवडणूक ते 'फुटीरांच्या तावडीतून जांभूळ परत आणू' या घोषणेवर लढवत आहेत, आणि जाणकार सांगतात की जनमत त्यांच्याच बाजूला आहे.