पन्नासावा शिक्का

शाळेच्या वाचनालयात तेव्हा पुस्तक वाचलं की कार्डावर शिक्का मिळायचा आणि पन्नास शिक्क्यांना शाईचं पेन. नववीतल्या शालनचा पन्नासावा शिक्का संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी भर समारंभात अडवला.

"माझ्या घरची ही प्रत शाळेला मीच दिलीय. हा ग्रंथ समजायला मला तीनदा वाचावा लागला आणि ही पोर म्हणे आठवड्यात वाचते! थापा सगळ्या!"

शालन हळूच म्हणाली, "आबासाहेब, छापखान्यातून आली तशीच त्याची पानं कडेला न कापलेली, एकमेकांना जोडलेलीच होती. मी पट्टीनं एकेक सोडवून वाचली. न सोडवता तीनदा कसं वाचायचं, तेवढं मला शिकवा."

आबासाहेबांनी पेन पुढे केलं.

ते पेन कधीच गळायला लागलं. ती लाकडी पट्टी मात्र शालनताईंनी अजून जपून ठेवली आहे.